ब्याण्णव आणि अडतीस

दोन भागांच्या प्रवेशपरीक्षेत एका भागात भरघोस आणि दुसऱ्या भागात तुटपुंजे गुण पडले, तर व्यापारशिक्षणाच्या संस्थेकडे केलेल्या अर्जाचे काय होते, हा प्रश्न काल मला एका पालकांनी विचारला. ते जवळच्या इन्नंबूर गावाहून सायकलीने आले होते. उशिराच्या पिकाची मळणी सोडून आले असावेत, कारण त्यांच्या धोतराला भाताचा भुसा चिकटला होता. मी त्यांना म्हणालो, “दोन दिवसांनी या.” ते गेल्यावर मला वाटले, तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला एवढ्या प्रश्नासाठी दोन दिवस लागू नयेत. उत्तर मला ठाऊक आहे. पाच वर्षांपासून ठाऊक आहे. ते कोणत्या वाक्याने सुरू करावे हे मात्र ठरत नव्हते, म्हणून लिहायला बसलो.

तमिळ पंचांगातला तै महिना आपल्याकडच्या पौष-माघाच्या सांध्यावर येतो. कुंभकोणमच्या आसपास तेव्हा मोठे पीक निघते. शेतकरी भाताचे काड डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात आणि बैलगाड्या, बसगाड्या त्यावरून जाऊन मळणीचे उरलेसुरले काम फुकटात करून देतात. हवेत पिवळी धूळ असते. सकाळी तिला दवाचा वास असतो आणि दुपारी भाजलेल्या कॉफीचा. बाजारातून तांब्यापितळेची भांडी ठोकण्याचा आवाज येतो. पोंगलच्या मडक्यांना बांधलेली हळदीची रोपे दारोदारी सुकत असतात. परीक्षेच्या अर्जांचा हंगामही हाच. मला अजूनही ओल्या काडाचा वास आला की आधी गुणपत्रिका आठवते, मग भात.

त्या वर्षीच्या गुणपत्रिकेवर दोन आकडे होते. अंकगणित व तक्तेवाचन, शंभरांपैकी ब्याण्णव. इंग्रजी लेखन, शंभरांपैकी अडतीस. उमेदवाराचे नाव तुळजाबाई भीमराव.

तुळजा माझी विद्यार्थिनी. आमच्या गल्लीत वयाने मोठ्या पुरुषाला सगळी मुले मामा म्हणतात, तशी तीही म्हणे. तिचे वडील भीमराव विड्याच्या पानांचे आडते. त्यांची दृष्टी चाळिशीतच अधू झाली होती, त्यामुळे मंडईत पाने निवडण्याचे काम तुळजा शाळेत असल्यापासून करी. शंभर पानांच्या जुडीला इकडे कवळी म्हणतात. ती कवळी हातात घेऊन न मोजता सांगे, “ह्यांत चार कमी.” मोजल्यावर चारच कमी निघत. महाविद्यालयाचे शिक्षण तिने मंडईतले काम सांभाळून पुरे केले. मग मद्रासमध्ये व्यापारव्यवस्थेचे दोन वर्षांचे शिक्षण देणारी एक नवी संस्था निघाल्याचे कळले आणि ती माझ्याकडे माहितीपत्रक घेऊन आली. त्यात मुलींना मज्जाव नव्हता. मुलींचा उल्लेखही नव्हता. आम्ही दोघांनी त्याचा अर्थ सोयीस्कर लावला.

भीमरावांनी परवानगी दिली, पण मोजून.

“मास्तर, माझ्या धाकट्या भावानें यंदा तिरुनीलक्कुडीचें शेत वाट्यानें दिलें आहे. तो इथें येऊन दोन वर्षें पान बघेल म्हणतो. तो आहे तंवर मी पोरीस सोडतों. पण एकदांच हो. ह्या वर्षीं झालें तर मद्रास, नाहीं तर नाहीं.”

“एकदाच पुरे आहे,” मी म्हणालो. “हिला दोनदा काही करावं लागत नाही.”

“हें तुम्ही म्हणतां?” भीमराव हसले. “तुमच्या घरीं दूधवाल्यास चिठ्ठी लिहायची तरी आधीं कच्ची लिहितात म्हणे.”

त्यांचा टोमणा खरा होता, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे, म्हणून येथे थोडे थांबून सांगतो. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक पावणेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलो. माझे पूर्वज दरबारच्या दप्तरात लेखक होते. दरबार गेला, दप्तर बंद झाले, पण घरात एक नियम उरला: मसुदा पुरा झाल्याविना शाईची दौत उघडू नये. आधी सगळे कच्चे लिहायचे, वाचायचे, खोडायचे आणि मगच कोऱ्या कागदावर पक्की प्रत उतरवायची. वडिलांनी मला हे पाटीवर शिकवले, मी विद्यार्थ्यांना पेन्सिलीने शिकवले. माझ्या वर्गातला मुलगा ओळखायचा असेल तर त्याच्या खिशात दोन पेन्सिली पाहाव्यात, असे शाळेत म्हणत. मला त्याचा अभिमान होता. ह्या पद्धतीने माझे कितीतरी विद्यार्थी नीटनेटके लिहायला शिकले, हे आजही मी नाकारत नाही. पण त्यांच्यापैकी कोणालाही मी घड्याळ लावून लिहायला बसवले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भीमराव तिला तिरुवलंचुळीला घेऊन गेले. तिथल्या पांढऱ्या गणपतीला स्नान घालत नाहीत, त्याला हात लावत नाहीत, नुसती कापराची पूड वाहतात. परतताना तुळजा आमच्या दारात थांबली. तिच्या बोटांना कापराचा वास येत होता.

“मामा, लेखनास दीड तासच आहे. मसुदा करूं का नको?”

“कर,” मी म्हणालो. “घाईच्या वेळीच पद्धत उपयोगी पडते.”

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की पुढे कित्येक महिने मला ते आठवलेच नाही.

गुणपत्रिका तैनंतरच्या मासी महिन्यात आली. काड रस्त्यावरून नाहीसे झाले होते, ऊन वाढू लागले होते. अर्जात एक रकाना होता. दोन भागांतील गुणांचा फरक चाळिसांहून अधिक असल्यास, उमेदवाराला शिकवलेल्या व्यक्तीने त्याचे कारण स्वतंत्र पत्राने कळवावे. ब्याण्णवांतून अडतीस वजा केले तर चोपन्न राहतात. पत्र लिहिणे भाग होते.

गणिताचा शिक्षक म्हणून मी प्रथम सरासरी काढली. ती पासष्ट आली. पासष्ट वाईट नव्हते. परंतु सरासरी ही अनेकदा अशी जागा असते जिथे कोणी राहत नाही. एखाद्या मुलाला दोन्ही भागांत पासष्टच पडले असते, तर त्याची आणि तुळजाची सरासरी एकच झाली असती, आणि ती दोन माणसे मात्र अगदी निराळी असती. हे मला तेव्हाही कळत होते. म्हणून मी सरासरी बाजूला ठेवली आणि कारणाकडे वळलो. चूक इथे झाली. अडतीस का पडले, हे ज्या एका व्यक्तीला ठाऊक होते, ती रोज सकाळी माझ्या दारावरून मंडईत जात होती. मी तिला विचारले नाही. मला वाटले, कारण मला माहीत आहे.

ते कारण मला कुठून माहीत होते, तेही सांगतो. तरुणपणी मी एकदा पुण्यास शिक्षकांच्या मेळाव्याला गेलो होतो. जेवताना मी वाढणाऱ्या बाईंना म्हणालो, “मज थोडकेंच घाला.” पंगतीतले चारपाच जण हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. एक गृहस्थ तर कौतुकाने म्हणाले, “अहो, तुम्ही बखरीतनं उठून आल्यासारखं बोलता.” पण त्या दिवसापासून मी पुस्तकातली मराठी शिकलो, तीच आता लिहितो आहे, आणि घरच्या बोलण्याविषयी माझ्या मनात एक संकोच तयार झाला. घरात जुनी मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्रजी. अशा माणसाला कोणतीच भाषा पुरती येत नाही, असे मी धरून चाललो. अडतीस हा आकडा दिसताच त्या समजुतीला पुरावा मिळाला, असे वाटले.

मी मसुदा केला. तो दोनदा वाचला. मग शाईने पक्की प्रत उतरवली. पत्र न चिकटवता तुळजाकडे दिले, कारण ते तिनेच अर्जाबरोबर पाठवायचे होते. तिने आमच्या ओसरीच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचले.

“मामा, एक विचारूं?”

“विचार.”

“माझें बोलणें तुटकें आहे का?”

“तुझं एकटीचं नाही. आपणा सगळ्यांचंच आहे. दोष तुझा नाही, हेच त्यांना कळवलं आहे.”

तिने कागद माझ्याच घडीवर पुन्हा दुमडला. काही बोलेल असे वाटले. तेवढ्यात मंडईकडे जाणारा हातगाडीवाला तिला तमिळमध्ये हाक मारून गेला, पाने उतरली म्हणून.

“तुम्हीं लिहिलां म्हणजे बरोबरच असेल,” ती म्हणाली आणि गेली.

चैत्रात उत्तर आले. सभ्य आणि लहान. संस्थेतील शिक्षण मुख्यत्वे चर्चा आणि लेखन यांतून चालते. उमेदवाराची आकडेमोड उत्तम असली, तरी शिक्षकांनी कळवलेली अडचण दोन वर्षांत दूर होण्याजोगी दिसत नाही. मुलाखतीस बोलावता येत नाही याबद्दल खेद आहे. भीमरावांनी मला ते वाचून दाखवायला सांगितले. “शिक्षकांनी कळवलेली” हे शब्द वाचताना मी अडखळलो नाही. मला तेव्हा त्यांत काही दिसले नाही. मी भीमरावांची समजूत घातली, तुळजाला म्हणालो की प्रयत्न केला हेच मोठे आहे, आणि घरी येऊन शांतपणे जेवलो.

शाळा आनी महिन्यात उघडली. म्हणजे जूनमध्ये. आमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे रामलिंगम हे कागदाच्या बाबतीत फार काटकसरी. कुठलाही पाठकोरा कागद ते टाकू देत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गठ्ठा माझ्या टेबलावर आदळला. मी मराठी म्हणून ते मला राव म्हणतात.

“घ्या राव, तुमच्या कच्च्या लेखनाला. तुमचे लोक एक गोष्ट दोनदा लिहितात. आम्ही एकदा लिहितो आणि दोनदा खोडतो. कागद सारखाच लागतो.”

मी गठ्ठा वर्गात वाटायला घेतला. वरून सातआठ कागद दिले असतील. मग एका कागदाच्या लिहिलेल्या बाजूकडे नजर गेली. पेन्सिलीतले इंग्रजी अक्षर, उजवीकडे किंचित झुकलेले, समासात परिच्छेदांचे क्रमांक. परिच्छेदांना समासात क्रमांक घालायला मीच शिकवतो. मुलांना पाढे लिहायला सांगून मी तो कागद, मग पुढचा, मग त्यापुढचा वाचला. पाच पाने होती. विषय होता, आपल्या गावातील एक व्यवसाय, तो कधीही न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगा. निबंध पुरा होता. त्याला सुरुवात होती, मध्य होता, शेवटचे वाक्य होते. दोन ठिकाणी शब्द खोडून अधिक चांगला शब्द घातला होता.

मधल्या सुट्टीत मी रामलिंगम यांना विचारले, “हे कागद कुठले?”

“तैमधल्या त्या मद्रासवाल्यांच्या परीक्षेचे. आपल्याच सभागृहात झाली ना? मी देखरेखीला होतो. त्यांनी शाईचे कागद नेले. कच्चे कागद नष्ट करा म्हणाले. एवढा चांगला कागद नष्ट कोण करतो?”

“तुळजाबाई आठवते?”

“न आठवायला काय झालं? मी दोनदा सांगितलं, घंटा होईल, शाईनं लिही. मान हलवी आणि पेन्सिलीनंच लिही. शाई घेतली तेव्हा दहाबारा मिनिटं उरली असतील. एक परिच्छेद उतरला, दुसरा अर्धा.” मग ते हसले. “मी म्हटलं, रावांची शिष्या आहे. जीव जाईल, पद्धत जाणार नाही.”

दीड परिच्छेदाला अडतीस गुण मिळाले होते. वाचकांनी हे गणित माझ्याकडून करून घेऊ नये.

संध्याकाळी मी ते पाच कागद घेऊन मंडईत गेलो. ओल्या गोणपाटाखाली पानांच्या पाट्या होत्या, जमीन ओली होती, सगळीकडे विड्याच्या पानाचा तिखट, हिरवा वास. भीमराव खाटेवर बसले होते, तुळजा पाट्यांपुढे. मी कागद तिच्यासमोर धरले. तिने हात पुसले, पण कागद घेतले नाहीत.

“हे तू मला का सांगितलं नाहीस?”

“काय सांगूं, मामा? तुम्हीं शिकवलां तसें केलें म्हणून वेळ पुरला नाहीं, असें तुमच्याच हातून लिहवूं?”

“लिहिलं असतं मी.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “लिहिलें असतां?”

आजही हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि दर वेळी उत्तर येण्यास थोडा वेळ लागतो. तो वेळ लागायला नको.

मी भीमरावांना सगळे सांगितले. मसुद्याचे, पत्राचे, पाच पानांचे. त्यांनी ऐकून घेतले. पाटीतले एक पान उचलून कानाशी नेऊन मोडले, बाजूला टाकले, दुसरे उचलले. मग म्हणाले, “मास्तर, पान घ्या.” मी घेतले. चावता आले नाही, मुठीत धरून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिले. आयुष्यात प्रथमच मसुदा न करता, सरळ शाईने. तीन ठिकाणी खोडाखोड झाली, ती तशीच पाठवली. आलेले उत्तर मी जपून ठेवले आहे आणि इन्नंबूरच्या त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. संस्थेने लिहिले होते की दोन भागांतील तफावत हा त्यांच्या दृष्टीने दोष नव्हे. असे उमेदवार ते मुलाखतीस बोलावतात, कधी कधी समगुणी उमेदवारांच्या आधी बोलावतात. ते तफावतीचे कारण पाहतात. कारण प्रसंगाचे असेल तर अर्ज पुढे जातो, कारण माणसातच असल्याचे त्याचा शिक्षक सांगत असेल तर ते शिक्षकावर विश्वास ठेवतात. आधीच्या पत्रात माणसातले कारण होते, आता प्रसंगाचे आहे. वर्गातील जागा भरल्या आहेत. उमेदवाराने पुढील वर्षी अवश्य बसावे.

पुढील वर्ष आले नाही. कार्तिकात भीमरावांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांच्या भावाने शेत परत स्वतःकडे घेतले, त्यामुळे पान बघायला तुळजाच उरली. पुढच्या तैमध्ये परीक्षेच्या दिवशी मी मंडईवरून मुद्दाम गेलो. तुळजा एका व्यापाऱ्याशी तमिळमध्ये हुज्जत घालत होती आणि जिंकत होती. माझ्याकडे पाहून तिने नमस्कार केला. मी काहीतरी काम असल्यासारखा पुढे गेलो.

आता मंडईत तिला तुळजाबाई म्हणतात. तिने निवडलेले पान दूरच्या गावांना जाते. तिचे वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण तिला जे हवे होते ते हे नव्हते, आणि ते तिच्या हातून गेले नाही, माझ्या हातून गेले. दर वर्षी पोंगलला तिच्याकडून एक कवळी येते. चिठ्ठी नसते. मी ती पाने मोजतो. नेहमी शंभर भरतात.

मी आता वर्गात घड्याळ ठेवतो. यंदा मुले आणे विसरून नव्या पैशांत गणिते करू लागली आहेत. जुन्या रीती जातात तेव्हा फारसे काही मोडत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते. कोणी विषम गुणांची पत्रिका घेऊन आले, तर मी प्रथम मुलाला बाहेर ओसरीवर नेतो आणि विचारतो, त्या दिवशी काय झाले, कागद कसा वापरलास, वेळ कुठे गेला. कारण त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते त्याच्याच शब्दांत लिहितो. इन्नंबूरच्या पालकांना मी हेच सांगणार आहे. त्यांच्या मुलाचे गुण उलट आहेत, लेखनात चांगले, अंकगणितात कमी. उलट असले तरी रीत तीच.

एक गोष्ट राहिली. माझ्या पहिल्या पत्रातले वाक्य असे होते: “घरात जुनी व तुटक मराठी बोलली जात असल्यामुळे उमेदवार आकडेमोडीत विश्वसनीय असली, तरी विचार शब्दांत मांडण्यास असमर्थ आहे.”

आणि तिच्या पेन्सिलीतल्या पाच पानांतला तिसरा परिच्छेद असा आहे: “नवख्याला वाटते, सर्वांत सुंदर पानाला सर्वांत जास्त भाव. तसे नाही. कोवळे पान सुंदर असते, पण ते उद्यापर्यंत टिकत नाही. आमच्या मंडईत पानाचा भाव ते किती दूर जाऊ शकेल यावर ठरतो. माझ्या वडिलांना नीट दिसत नाही. ते पान कानाशी नेऊन मोडतात आणि आवाजावरून सांगतात की हे मद्रासपर्यंत जाईल की नाही. मी डोळ्यांनी निवडते, आणि त्यांच्याहून अधिक चुकते.”

भाषांतर मी केले आहे. तिच्याविषयी मी एकदा चुकीचे लिहिले आहे, तेव्हा माझ्या भाषांतरावरही विसंबू नये. मूळ पाच पाने माझ्याकडे, शाळेशेजारच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात आहेत. पेन्सिल पुसट होत चालली आहे, पण अजून वाचता येते. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे आणि स्वतः वाचून पाहावे, ही विनंती.